लेसरचा किरण आणि कामगाराचा डोळा

औद्योगिक वसाहतीच्या मुख्य रस्त्यापासून थोडे आत गेले, की पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी लहान लहान वर्कशॉप लागतात. पूर्वी तेथे शिअरिंग मशीन, पॉवर प्रेस आणि गॅस कटिंगचा सरंजाम असे. आज त्यांपैकी अनेक ठिकाणी पत्रा कापण्याचे, जोडण्याचे आणि त्यावर अक्षरे कोरण्याचे काम लेसर किरण करतो. तालुक्याच्या गावी नामफलक, सन्मानचिन्हे आणि लग्नपत्रिका तयार करणाऱ्या दुकानातही ॲक्रिलिक व लाकूड कापणारे लेसर यंत्र येऊन बसले आहे. शस्त्रक्रियागृहात, जमीन मोजणीत, शेताच्या सपाटीकरणात आणि दूरध्वनीच्या तारांच्या जागी आलेल्या प्रकाशतंतूंत लेसरच वापरला जातो. चाळीस वर्षांपूर्वी संशोधन संस्थांच्या बंद दालनात असलेले हे साधन आता दहावी-बारावी झालेल्या तरुणाच्या हाती आले आहे.

रोजगाराच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि साधन जितक्या वेगाने पसरले, तितक्या वेगाने त्याविषयीची सावधगिरी पसरलेली नाही. हातोडा बोटावर पडला तर काय होईल, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. तापलेल्या लोखंडाची धग दुरूनच कळते. लेसरच्या बाबतीत मात्र शरीराची ही उपजत जाण उपयोगी पडत नाही. उद्योगात सर्वाधिक वापरले जाणारे लेसर किरण डोळ्यांना दिसत नाहीत. इजा होते ती क्षणार्धात, पुष्कळदा वेदनेशिवाय, आणि दृष्टिपटलाचा जळालेला भाग पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे लेसरजवळ काम करणाऱ्याची सुरक्षितता केवळ त्याच्या दक्षतेवर सोडून चालत नाही. ती यंत्राच्या आवरणात, कामाच्या पद्धतीत आणि मालकाच्या शिस्तीत असावी लागते.

लेसर म्हणजे काय?

लेसरमागील मूळ तत्त्व अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडले. उत्तेजित अवस्थेतील अणूवर योग्य ऊर्जेचा प्रकाश पडला, तर तो अणू त्याच प्रकारचा आणखी प्रकाश बाहेर टाकतो, असे हे तत्त्व आहे. ते प्रत्यक्षात उतरण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॅलिबू येथील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कृत्रिम स्फटिकापासून पहिला लेसर किरण मिळवला.

यानंतरच्या प्रगतीत महाराष्ट्राशी नाते असलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर विकसित केला. हे कार्य १९६४ चे. आज ॲक्रिलिक, लाकूड, चामडे आणि कापड कापणारी बहुसंख्य यंत्रे याच लेसरवर चालतात. ब्रिटनमध्ये १९६७ साली या लेसरच्या जोडीला प्राणवायूचा झोत देऊन पोलादाचा पत्रा कापून दाखविण्यात आला, आणि लेसरचा कारखान्यातील प्रवेश निश्चित झाला. धातूच्या कामासाठी अलीकडे प्रामुख्याने फायबर लेसर वापरला जातो. त्यात काचेच्या बारीक तंतूतच लेसर निर्माण होतो.

दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो व अंतराबरोबर क्षीण होतो. त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. लेसरचा प्रकाश मात्र जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, त्यातील लहरी एकमेकींशी ताल राखून चालतात आणि त्याचा झोत दूरवर गेला तरी फारसा फाकत नाही. भिंगाने तो अतिशय सूक्ष्म बिंदूवर एकवटता येतो. पोलाद कापण्याची शक्ती या गुणांतूनच येते, आणि डोळ्याला असलेला धोकाही याच गुणांतून निर्माण होतो.

डोळ्यालाच एवढा धोका का?

मानवी डोळा हे स्वतःच एक उत्तम भिंग आहे. अंधुक प्रकाशात बाहुली सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची होते. तिच्यातून आत शिरलेला लेसरचा झोत नेत्रभिंग दृष्टिपटलावर सुमारे ०.०२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात एकवटते. व्यासांचे गुणोत्तर ३५० येते, आणि क्षेत्रफळांचे गुणोत्तर त्याच्या वर्गाइतके, म्हणजे १ लाख २२ हजार ५००. दुसऱ्या शब्दांत, बाहुलीपाशी असलेली प्रकाशाची तीव्रता दृष्टिपटलावर लाखपटीने वाढते. हे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे. लेसरकडे पाहू नये असे का सांगितले जाते, हे त्यावरून विद्यार्थ्यांना सहज पटवून देता येईल.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही बारीक दृष्टीची कामे या इवल्याशा भागावर अवलंबून असतात. माणूस ज्या वस्तूकडे रोखून पाहतो, तिची प्रतिमा नेमकी येथेच पडते. त्यामुळे किरणाकडे थेट पाहणाऱ्याचा पीतबिंदूच जळण्याची शक्यता अधिक असते. डोळा दिसायला निरोगी राहतो, चालता-फिरता येते. पण समोरच्या अक्षराच्या जागी कायमचा काळा डाग दिसू लागतो.

कोणता किरण डोळ्याच्या कोणत्या भागास इजा करील, हे त्याच्या तरंगलांबीवर ठरते. सुमारे ४०० ते १४०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाश थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो. यांपैकी ७०० नॅनोमीटरच्या पुढचा भाग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. धातू कापणाऱ्या फायबर लेसरची तरंगलांबी सुमारे १०७० नॅनोमीटर असल्याने तो नेमका याच घातक पट्ट्यात येतो. दृश्य प्रकाश प्रखर असला तर माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान फिरवतो. न दिसणाऱ्या किरणाच्या बाबतीत ही नैसर्गिक ढाल पुढे येतच नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी सुमारे १०,६०० नॅनोमीटर असते. हा किरण डोळ्याच्या आत जात नाही, पुढच्या पारदर्शक पडद्यावरच शोषला जातो. तेथे भाजल्यास तीव्र वेदना होतात व डोळ्यात फूल पडण्याचा धोका असतो.

अमेरिकेतील एका संशोधकाने आपल्याच अपघाताचे वर्णन १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. अदृश्य अवरक्त लेसरचा एक क्षीण परावर्तित स्पंद त्याच्या डोळ्यात गेला. त्या वेळी त्याने संरक्षक चष्मा घातलेला नव्हता. त्याला प्रथम डोळ्याच्या आत काही फुटल्यासारखा आवाज जाणवला, आणि पाठोपाठ डोळ्यात उतरलेल्या रक्ताने दृष्टी झाकोळली. अपघातग्रस्त व्यक्ती या विषयातील जाणकार होती, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. विषयाचे ज्ञान चष्म्याची जागा घेऊ शकत नाही.

लेसरची वर्गवारी

आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६०८२५ क्रमांकाच्या मानकानुसार लेसर उपकरणांचे वर्ग पाडण्यात आले आहेत. प्रत्येक उपकरणावर वर्गाची पट्टी असणे अपेक्षित असते. पिवळ्या त्रिकोणात, मध्यबिंदूतून फाकणारे किरण दाखविणारे चिन्ह ही लेसरची जगभर मान्य असलेली खूण आहे.

वर्ग १ मधील उपकरणे नेहमीच्या वापरात निर्धोक असतात. वर्ग २ मध्ये १ मिलिवॉटपर्यंतचे दृश्य लेसर येतात. त्यांपासून पापणी मिटण्याची प्रतिक्रिया रक्षण करते. मात्र कोणी हट्टाने टक लावून पाहिले तर इजा होऊ शकते. वर्ग ३ आर मध्ये दृश्य किरणांची मर्यादा ५ मिलिवॉट आहे. वर्ग ३ बी मध्ये अर्ध्या वॉटपर्यंतचे लेसर येतात आणि त्यांचा थेट किरण क्षणभर लागला तरी डोळ्यास घातक ठरतो. अर्ध्या वॉटच्या पुढील सर्व लेसर वर्ग ४ मध्ये मोडतात. त्यांचा थेट किरणच नव्हे, तर खडबडीत पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशही डोळ्यास इजा करू शकतो. ते त्वचा भाजतात व आग लावतात. वर्ग १ आणि २ मधील काही उपकरणांना 'एम' हे अक्षर जोडलेले असते. अशी उपकरणे नुसत्या डोळ्यास निर्धोक असली, तरी दुर्बिणीतून किंवा भिंगातून पाहिल्यास धोकादायक होतात.

या अंकांमागील तफावत ध्यानात घ्यावी. वर्ग २ ची कमाल मर्यादा १ मिलिवॉट आहे. बाजारात मिळणारे हातात धरून वेल्डिंग करण्याचे लेसर यंत्र बहुधा १,५०० वॉटचे असते, म्हणजे त्याची शक्ती पंधरा लाख पट आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पत्रा कापणाऱ्या मोठ्या यंत्रात हजारो वॉटचा लेसर असतो. तरीही अनेक यंत्रांवर 'वर्ग १' अशी पट्टी आढळते. ही पट्टी लेसरची नसून आवरणासह पूर्ण यंत्राची असते. दरवाजे बंद आहेत, खिडकी मूळचीच आहे आणि दरवाजा उघडताच किरण बंद करणारा स्विच चालू स्थितीत आहे, तोपर्यंतच ते यंत्र वर्ग १ चे असते. आवरण काढले की तेच यंत्र त्या क्षणी वर्ग ४ चे होते.

वर्कशॉपमध्ये कोठे चूक होते?

दरवाजाच्या त्या स्विचला कारागीर 'इंटरलॉक' म्हणतात. जॉब लवकर चढविता-उतरविता यावा म्हणून इंटरलॉकवर लोहचुंबक चिकटविणे, तो चिकटपट्टीने दाबून ठेवणे किंवा त्याच्या वायरी जोडून टाकणे हे प्रकार चालतात. यात दर जॉबमागे काही सेकंद वाचतात आणि यंत्राचे सर्व संरक्षण नाहीसे होते. इंटरलॉक नादुरुस्त असेल तर यंत्र बंद ठेवणे, हा नियम मालकाने स्वतः पाळला पाहिजे. मालकच घाई करू लागला, तर कामगाराने नियम पाळावा ही अपेक्षा व्यर्थ ठरते.

दुसरी चूक खिडकीची. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या यंत्राला साध्या ॲक्रिलिकची खिडकी चालते, कारण ॲक्रिलिक हा किरण शोषून घेते. फायबर लेसरचा किरण मात्र साध्या ॲक्रिलिकमधून आणि काचेतून आरपार जातो. फायबर यंत्राची खिडकी फुटल्यावर तेथे स्थानिक दुकानातून आणलेला पारदर्शक तुकडा बसविला, तर संरक्षणाचा केवळ आभास उरतो. अशी खिडकी यंत्र उत्पादकाकडूनच घ्यावी.

तिसरी चूक चष्म्याची. लेसरचा चष्मा ठरावीक तरंगलांबीसाठीच बनविलेला असतो. कार्बन डायऑक्साइड लेसरसाठी असलेला पांढरा चष्मा फायबर लेसरपुढे निरुपयोगी ठरतो. उन्हाचा गॉगल किंवा आर्क वेल्डिंगची काळी काच ही लेसरच्या चष्म्याला पर्याय नव्हेत. योग्य चष्म्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि प्रकाश अडविण्याची क्षमता दोन्ही छापलेली असतात. या क्षमतेचा आकडा एकाने वाढला, की पलीकडे जाणारा प्रकाश दहापट कमी होतो. आकडा ४ असेल तर दहा हजारावा आणि ६ असेल तर दहा लाखावा भागच पलीकडे जातो. ज्या चष्म्यावर हे आकडे नाहीत, तो कितीही रंगीत असला तरी लेसरचा चष्मा समजू नये. चरे पडलेला किंवा तडकलेला चष्मा बाद करावा. चष्मा हा संरक्षणाचा शेवटचा थर असतो, हेही विसरू नये. तो घातला तरी किरणाकडे थेट पाहावयाचे नसते.

हातात धरून वापरावयाच्या वेल्डिंग लेसरचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. या यंत्राला आवरणच नसते, आणि भरकटलेला किरण शंभर मीटरहून अधिक अंतरावरील डोळ्यासही घातक ठरू शकतो. असे काम उघड्या शेडमध्ये, रस्त्याकडे तोंड करून करणे सर्वथा अयोग्य होय. त्यासाठी चहूबाजूंनी बंद आणि किरण अडविणारी खोली हवी, बाहेर चेतावणीचा दिवा हवा आणि आत असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर योग्य चष्मा हवा. केवळ वेल्डिंग करणाऱ्याने चष्मा घातला आणि जॉब धरणारा मदतनीस उघड्या डोळ्यांनी उभा राहिला, तर धोका मदतनिसाला अधिक असतो. या यंत्राची एक क्लिप जॉबला लावावी लागते, म्हणजे नोझल जॉबला टेकल्याशिवाय किरण निघत नाही. ती क्लिप नोझललाच अडकवून ठेवणे म्हणजे सुरक्षा स्वतःच्या हाताने काढून टाकणे आहे.

आणखी एक गैरसमज लाल ठिपक्याविषयी आहे. फायबर यंत्रात नेम धरण्यासाठी मंद लाल किरण सोडलेला असतो. तो ठिपका म्हणजेच लेसर, असे नवखा कामगार समजतो. कापणारा खरा किरण त्याच वाटेने जातो, पण तो दिसत नाही. लाल ठिपका हातावर पडून काही झाले नाही, या अनुभवातून फाजील आत्मविश्वास निर्माण होतो. कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येकास हा भेद पहिल्याच दिवशी समजावून द्यावा.

प्रयोगशाळांतील बरेचसे अपघात आरसे व भिंगे जुळविताना घडतात. म्हणून ही जुळवणी शक्य तितक्या कमी शक्तीवर करावी. किरणाची पातळी उभ्या किंवा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नये. काम करताना अंगठी व घड्याळ काढून ठेवावे, कारण चकचकीत धातूचा लहानसा पृष्ठभागही आरशाचे काम करतो. आसपासची हत्यारे व भिंती शक्यतो निस्तेज रंगाच्या असाव्यात. यंत्राची चावी प्रशिक्षित व्यक्तीकडेच असावी व काम संपताच काढून घ्यावी.

किरणाखेरीज अन्य धोके

लेसरमुळे झालेल्या प्राणहानीत विजेच्या धक्क्याचा वाटा मोठा आहे. काचेच्या नळीच्या कार्बन डायऑक्साइड लेसरला सुमारे वीस हजार व्होल्टचा पुरवठा लागतो. वीज बंद केल्यावरही पुरवठा यंत्रणेत काही काळ विद्युत्भार शिल्लक राहतो. अशा यंत्राचे मागील झाकण उघडून दुरुस्ती करणे हे जाणकार तंत्रज्ञाचेच काम आहे. यंत्राला योग्य अर्थिंग असणे अत्यावश्यक आहे. नळी थंड ठेवणारे पाणी आणि उच्च दाबाची वीज एकाच पेटीत असल्याने या बाबतीत हयगय परवडणारी नाही.

दुसरा धोका धुराचा. लेसर पदार्थाला वितळवतो व त्याची वाफ करतो. ॲक्रिलिकचा उग्र वास डोळे व घसा चुरचुरवतो, एमडीएफच्या धुरात फॉर्माल्डिहाइड असते, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापताना निघणारी वाफ श्वासात गेल्यास थंडी-ताप भरतो, तर स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमची विषारी संयुगे असू शकतात. रेक्झिन, फ्लेक्स व पीव्हीसीच्या शीट लेसरने कधीही कापू नयेत. त्यांतून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो आणि फुप्फुसातील ओलाव्याशी त्याचे आम्ल बनते. हाच वायू यंत्राच्या पट्ट्यांना व भिंगांना गंज चढवतो, म्हणजे कामगाराची प्रकृती आणि मालकाचे भांडवल या दोहोंचे नुकसान होते. धूर केवळ पंख्याने इकडेतिकडे उडविणे पुरेसे नाही. तो उगमापाशीच ओढून घेऊन, गाळून, वस्तीपासून दूर बाहेर सोडण्याची व्यवस्था असावी. कार्बन डायऑक्साइड लेसरमध्ये वापरले जाणारे झिंक सेलेनाइडचे भिंगही विषारी असते. ते फुटल्यास तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत.

तिसरा धोका आगीचा. ॲक्रिलिक, लाकूड व कागद पटकन पेट घेतात. यंत्रावर जॉब लावून चहाला निघून जाणे हे आगीला निमंत्रण आहे. यंत्र चालू असेपर्यंत माणूस समोर हवा व हाताशी योग्य अग्निशामक हवे. चौथा धोका सिलिंडरमधील वायूंचा. कापताना वापरण्यात येणारा नायट्रोजन विषारी नाही. पण बंद खोलीत तो साचला तर प्राणवायूचे प्रमाण घटते आणि रंग-वास नसल्याने माणसाला शुद्ध हरपेपर्यंत कळत नाही. खोलीत हवा खेळती ठेवणे हाच त्यावरील उपाय आहे. प्राणवायूच्या सिलिंडरच्या जोडणीस तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये.

गावापर्यंत आलेला लेसर

लेसर केवळ औद्योगिक वसाहतीत आहे असे नव्हे. देशातील ग्रामपंचायती प्रकाशतंतूंच्या जाळ्याने जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. हीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. या तंतूंतून माहिती वाहून नेणारा प्रकाश लेसरचाच असतो आणि तो अवरक्त असल्याने दिसत नाही. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली, तर तिच्या टोकात डोकावून पाहू नये. भिंग लावून तर मुळीच पाहू नये. तंतूचा काचेचा भाग केवळ एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या कपच्या त्वचेत शिरतात व शोधूनही सापडत नाहीत. जोडणीचे काम करणाऱ्याने हे तुकडे झाकणाच्या डबीत गोळा करावेत, जमिनीवर टाकू नयेत.

शेत सपाट करताना बांधावर तिवई उभी करून फिरता लेसर सोडतात. तो कमी शक्तीचा असतो. तरीही तिवई माणसांच्या व ट्रॅक्टरचालकाच्या डोळ्यांच्या पातळीवर येणार नाही अशी ठेवावी आणि मुलांना तिच्याजवळ खेळू देऊ नये. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा प्रकल्पांत पुढे स्थानिक तरुणांना तांत्रिक कामे मिळावयाची असतील, तर लेसरच्या सुरक्षिततेचे प्राथमिक ज्ञान त्यांना आतापासूनच लाभले पाहिजे.

शाळेत वापरावयाचा निर्देशक लेसर १ मिलिवॉटच्या मर्यादेतील असावा. बाजारातील स्वस्त हिरवे निर्देशक पट्टीवर लिहिले असेल त्याहून अधिक शक्तीचे असू शकतात. काहींतून हिरव्याबरोबर अदृश्य अवरक्त किरणही बाहेर पडतो. असे निर्देशक मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नयेत.

उत्सवातील रोषणाई हेही कोणाचे तरी कामाचे ठिकाण असते. तेथे लेसर चालविणारा, ध्वनियंत्रणा सांभाळणारा, बंदोबस्तावरील पोलीस आणि प्रेक्षक हे सर्व एकाच झोताच्या टप्प्यात येतात. गणेशोत्सवातील मिरवणुकांत लेसरमुळे तरुणांच्या दृष्टिपटलास इजा झाल्याच्या बातम्या २०२३ मध्ये पुणे व कोल्हापूर येथून प्रसिद्ध झाल्या. पुढील वर्षी पुण्यात पोलिसांनी उत्सवकाळात लेसर झोतांच्या वापरावर बंदी घातली. मंडळांनी बंदीची वाट न पाहता माणसांच्या चेहऱ्यावर फिरणारा झोत स्वतःहून टाळणे, हेच उचित ठरेल.

इजा झाल्यास

डोळ्यापुढे एकाएकी चमक दिसणे, त्यानंतर न जाणारा काळा ठिपका राहणे, दृष्टीत जाळे किंवा काळे धागे तरंगणे, सरळ रेषा वाकडी दिसणे ही दृष्टिपटलास इजा झाल्याची लक्षणे होत. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे दुखत नाही म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे असते. अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे, डोळा चोळू नये, मनाने कोणतेही थेंब घालू नयेत आणि दृष्टिपटलाची तपासणी करू शकणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. लेसरचा प्रकार, तरंगलांबी व शक्ती कागदावर लिहून सोबत न्यावी. वर्ग ३ बी व ४ च्या लेसरवर काम करणाऱ्यांची नेत्रतपासणी कामावर घेतानाच करून तिची नोंद ठेवावी, म्हणजे पुढे इजा झाल्यास तुलना करता येते.

कायदा आणि कायद्यापलीकडील जबाबदारी

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये उडणाऱ्या कणांप्रमाणेच अतिप्रखर प्रकाशापासूनही कामगारांच्या डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद होती. त्या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कामाची जागा इजा करणाऱ्या धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे या संहितेने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे, तर धोका नजरेस आणून देण्याचा हक्क कामगारास दिला आहे. राज्यात या विषयाची जबाबदारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय सांभाळते.

तथापि एक वास्तव नजरेआड करता येत नाही. विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी या संहितेत किमान वीस कामगारांची मर्यादा आहे. तीन-चार तरुणांच्या बळावर चालणारे लेसरचे वर्कशॉप या व्याख्येत बसत नाही. तेथे सुरक्षा अधिकारी नसतो आणि निरीक्षकाची भेटही सहसा घडत नाही. यंत्र मात्र मोठ्या कारखान्यातल्याच शक्तीचे असते. कायद्याचा हात जेथे आखडतो, तेथे शिक्षणाला आणि स्थानिक नेतृत्वाला पुढे यावे लागते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांतील शिक्षकांनी वेल्डिंग आणि पत्राकामाच्या विद्यार्थ्यांना लेसरच्या वर्गांची पट्टी वाचावयास शिकविली, तर ते विद्यार्थी पुढे ज्या शेडमध्ये जातील तेथे हे ज्ञान आपोआप पोचेल. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आपल्या हद्दीतील वर्कशॉपला भेट देऊन चार साधे प्रश्न विचारता येतील: दरवाजाचा इंटरलॉक चालू आहे काय, चष्म्यावर तरंगलांबीचा आकडा आहे काय, धूर कोठे सोडला जातो, आणि किरण रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात जाऊ शकतो काय? या प्रश्नांसाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. उद्योगांना साहाय्य देणाऱ्या अधिकाऱ्यांनी यंत्राच्या किमतीबरोबरच आवरण, चष्मे व धूर ओढणारी यंत्रणा यांचाही प्रकल्प अहवालात समावेश झाला आहे किंवा नाही, हे पाहिल्यास मोठाच फरक पडेल.

योग्य चष्म्याची किंमत काही हजार रुपये असते. लेसरवर काम करणारा कामगार बहुधा पंचविशीच्या आतला असतो, आणि पुढची चाळीस वर्षे त्याला याच डोळ्यांनी काम करावयाचे असते. यंत्र विकत घेतानाच त्या चष्म्याचा खर्च हिशेबात धरला गेला, तर लेसरने आणलेला रोजगार त्याच्या घरी खऱ्या अर्थाने टिकून राहील.